गंधकाचा हिशेब

दोंडाईच्याहून तापीकाठच्या रेल्वेनं जळगाव-भुसावळ गाठायचं आणि तिथून नागपूरमार्गे हावड्याची गाडी धरायची. बिलासपूर, राऊरकेला, टाटानगर मागे पडलं की घाटशिला येतं. बंगाली वाचकांना हे गाव विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्यामुळे ठाऊक असतं. 'पथेर पांचाली'चा हा लेखक १९५० मध्ये तिथंच वारला. धातूच्या धंद्यातली माणसं मात्र घाटशिला म्हटलं की मऊभंडारच्या चिमणीची आठवण काढतात. सुवर्णरेखेच्या काठावरच्या या कारखान्यात कित्येक वर्षं देशातलं जवळपास सगळं देशी तांबं वितळत होतं.

खानदेशातल्या माणसानं तांब्याची गोष्ट सांगायची तर त्याला असं लांब जावंच लागतं. आपल्या पायाखाली दख्खनचा काळा कातळ. त्यात कापूस पिकवणारी माती आहे, खणून काढण्याजोगं तांबं नाही. तापी-गोमाईच्या संगमावरच्या प्रकाशा गावाची पांढर बी. के. थापर यांनी १९५४-५५ मध्ये खणली. गिरणाकाठच्या बहाळची पांढर म. न. देशपांडे यांनी त्याआधीच उकरली होती. दोन्हीकडे ताम्रपाषाण युगाचे थर निघाले, पण त्या युगाच्या नावात 'ताम्र' असलं तरी घरात 'पाषाण'च जास्त. कापायला, सोलायला गारगोटीची पाती. तांबं अगदी मोजकं, तेही बाहेरून आणलेलं आणि म्हणून जपून वापरलेलं. प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ मध्ये सापडलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा मिळून ६० किलोंच्या वर भरतात. त्या काळच्या दख्खनमध्ये एवढं तांबं एका जागी असणं हाच मोठा चमत्कार होता. लाकडी कोळसा, मातीची मूस आणि फुंकणारी छाती एवढ्यावर त्या काळच्या भट्ट्या चालत. आजूबाजूचं रान तुटलं की भट्टी विझत असणार, हे सांगायला पुराव्याची गरज नाही.

भट्टीचा इतिहास लिहिणारे बहुतेकदा तांब्याचा हिशेब मांडतात: किती टन निघालं, किती शुद्ध निघालं. मला तो हिशेब अपुरा वाटतो. भट्टी बदलायला लागते ती दोन गोष्टींपायी, जळण आणि गंधक. तांब्याचं मुख्य खनिज चाल्कोपायराइट. त्यात तांबं, लोखंड आणि गंधक हे तिघे जवळजवळ सारख्याच वजनानं बसलेले असतात. तांबं आणि गंधक तर साधारण ३५-३५ टक्के. म्हणजे या खनिजातून एक टन तांबं काढलं की त्याच्याबरोबर एक टन गंधक मोकळा होतो. तो जळला की दोन टन सल्फर डायऑक्साइड. तो वायू पकडून त्याचं आम्ल केलं तर तीन टन सल्फ्युरिक ॲसिड. न पकडला तर चिमणीतून वर, आणि मग कोणाच्या तरी शेतावर, कोणाच्या तरी छातीत. मिरचीच्या हंगामात दोंडाईच्याच्या बाजारात जो ठसका लागतो, त्याहून हा वायू कडक. आणि मिरचीचा ठसका हंगामापुरता असतो.

सिंहभूमच्या टेकड्यांत तांबं आहे हे तिथल्या माणसांना फार जुन्या काळापासून माहीत होतं. जंगलात जुन्या खाणींचे खड्डे होते, मळीचे ढीग होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून युरोपीय कंपन्या तिथं येत गेल्या आणि बुडत गेल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला केप कॉपर कंपनीनं राखा माइन्सला खाण काढली, तीही टिकली नाही. १९२४ मध्ये इंडियन कॉपर कॉर्पोरेशन ही ब्रिटिश कंपनी उभी राहिली. तिनं मुसाबनीची खाण धरली, नदीकाठी मऊभंडारला कारखाना बांधला आणि १९३० च्या सुमारास तांबं ओतायला सुरुवात केली. खाणीतली माती-दगड दोरीमार्गाच्या पाळण्यांतून कारखान्यात येत. कंपनीनं पितळी पत्र्याची गिरणीही उभारली. तांब्यात जस्त मिसळून केलेला तो पत्रा भांडी घडवणाऱ्यांच्या हाती जाई. तांबटाच्या ठोक्याखाली आलेला पत्रा सिंहभूमचा की सातासमुद्रापलीकडचा, हे घरात घागर आणणारीला विचारायचं कारणच नव्हतं.

त्या काळच्या कारखान्याचं हृदय म्हणजे रिव्हर्बरेटरी भट्टी, कामगारांच्या तोंडी 'रिव्हर्ब'. लांबलचक, बुटकी, आगगाडीच्या बोगद्यासारखी. एका टोकाला कोळशाच्या भुकटीची किंवा तेलाची ज्योत पेटवायची. ती छताला घासत पुढं सरकते, छत तापून लाल होतं आणि ती धग खाली पसरलेल्या मालावर पडते. माल वितळला की दोन थर होतात: वर लोखंड आणि वाळूची हलकी मळी, खाली तांबं, लोखंड आणि गंधकाचं जड मिश्रण, ज्याला 'मॅट' म्हणतात. मळी टाकून द्यायची. मॅट कन्व्हर्टरमध्ये ओतून त्यातून हवा फुंकायची. आधी लोखंड जळतं, मग गंधक जळतो आणि उरतं फोड आलेलं 'ब्लिस्टर' तांबं. शेवटच्या शुद्धीकरणात तांब्यात राहिलेला प्राणवायू काढायला वितळलेल्या धातूत चक्क ओली लाकडं खुपसत. लाकूड तडतडत जळे आणि तांबं 'बसे'. शंभरेक वर्षं जगभरात असंच चाललं. ही पद्धत रांगडी असली तरी वाईट नव्हती, आणि कसलाही माल पोटात घ्यायची.

पण या भट्टीचे दोन दोष मुळातच होते. पहिला, जळणाचा. खनिजातला गंधक आणि लोखंड हेच उत्तम इंधन. ते जळताना भरपूर उष्णता देतात. रिव्हर्बमध्ये मात्र बाहेरचा कोळसा जाळून माल वितळवायचा आणि आतली उष्णता बरीचशी वाया घालवायची. दुसरा दोष धुराचा. कोळशाच्या धुरात गंधकाचा वायू इतका पातळ होऊन जातो, अनेकदा एक-दोन टक्के, की त्याचं ॲसिड करणं परवडत नाही. मग उंच चिमणी बांधायची. उंच चिमणीनं गंधक कमी होत नाही, तो लांब पडतो इतकंच.

या दोषांवरचा तोडगा श्रीमंत देशातून आला नाही. तो आला हरलेल्या फिनलंडमधून. फिनलंडच्या औटोकुम्पू कंपनीची तांब्याची भट्टी विजेवर चालत असे, पूर्व सीमेजवळच्या इमात्राला. १९४४ मध्ये सोव्हिएत फौजा सरकू लागल्या तसा सगळा कारखाना उचलून पश्चिमेला हार्यावाल्टाला हलवला. युद्ध संपलं तेव्हा कारेलियाचा मुलूख सोव्हिएत संघाकडे गेला होता आणि त्याबरोबर देशाच्या जलविद्युतेचा मोठा वाटाही. वीज महागली, तुटली. विजेच्या भट्टीचं काय करायचं? पेत्री ब्रीक आणि जॉन रिसेलिन या कंपनीच्या अभियंत्यांनी खनिजाच्याच आगीवर भट्टी चालवायचं ठरवलं. कोरडी केलेली खनिजाची भुकटी गरम हवेबरोबर उंच कूपकातून खाली सोडायची. कण हवेतच, काही क्षणांत, पेट घेतात आणि थेंब होऊन तळाशी पडतात. बाहेरचं इंधन नावापुरतं. १९४९ मध्ये हार्यावाल्टाला ही भट्टी चालू झाली आणि तिला 'फ्लॅश' भट्टी हे नाव पडलं. इंधन वाचवायला काढलेल्या या युक्तीचा दुसरा फायदा नंतर जगाला जास्त मोलाचा वाटला: धुरात गंधकाचा वायू दाट झाला, दहा टक्क्यांच्या आसपास आणि पुढं त्याहूनही जास्त. आता त्याचं ॲसिड करता येत होतं.

या भट्टीचा परवाना सर्वांत आधी कोणी घेतला हे पाहण्यासारखं आहे. जपानच्या आशिओ कारखान्यानं, १९५६ मध्ये. हा तोच आशिओ, ज्याच्या विषानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला वातारासे नदीकाठची भातशेती नासली होती. धुरानं डोंगर बोडके झाले, मात्सुकी नावाचं गाव उठून गेलं. तानाका शोझो या खासदारानं संसदेत वर्षानुवर्षं प्रश्न मांडले आणि शेवटी खासदारकीचा राजीनामा देऊन डिसेंबर १९०१ मध्ये थेट सम्राटाच्या गाडीपुढं अर्ज घेऊन धाव घेतली. तानाका १९१३ मध्ये गेला. धूर पकडणारी भट्टी आशिओला आली तेव्हा त्याला जाऊन चाळीसहून अधिक वर्षं झाली होती. तंत्रज्ञान तक्रारीच्या मागून किती सावकाश चालतं याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आपल्याकडं स्वातंत्र्यानंतर प्रश्न वेगळा होता: तांबं पुरत नव्हतं. मऊभंडारचं उत्पादन साठच्या दशकात वर्षाला दहा हजार टनांच्या आतबाहेर. देशाला लागणारं तांबं त्याच्या कित्येक पट, बाकी सगळं परकीय चलन मोजून आणायचं. १९६२ च्या युद्धानंतर आयातीवरचं हे अवलंबन आणखी बोचू लागलं. त्या काळात सरकारनं विजेच्या तारांमध्ये तांब्याऐवजी ॲल्युमिनियम पुढं केलं. साठ-सत्तरच्या दशकात बांधलेल्या जुन्या घरांच्या भिंतीत आजही ती ठिसूळ वायर निघते आणि वायरमन कपाळाला हात लावतो. १९६७ मध्ये हिंदुस्थान कॉपर लिमिटेड ही सरकारी कंपनी स्थापन झाली. राजस्थानात खेत्रीला नवा कारखाना उभारायचं काम तिच्याकडं आलं.

इकडं मऊभंडारला चाळिशीला आलेली रिव्हर्ब म्हातारी झाली होती. कंपनीनं फिनिश फ्लॅश भट्टी घेतली. १९७१ च्या सुमारास ती चालू झाली आणि लगेच, १९७२ मध्ये, सरकारनं इंडियन कॉपर कॉर्पोरेशन ताब्यात घेऊन हिंदुस्थान कॉपरमध्ये विलीन केलं. म्हणजे ब्रिटिश कंपनीनं नवी चूल मांडली आणि स्वयंपाक सरकारी झाला. राष्ट्रीयीकरणाच्या गदारोळात भट्टीच्या बदलाकडं फारसं कोणाचं लक्ष गेलं नसेल. माझ्या मते मात्र त्या दोन घटनांतली टिकाऊ घटना भट्टीचीच. तिनं कारखान्याचा अख्खा स्वभाव पालटला.

रिव्हर्बवर काम करणारा माणूस मालाच्या लगद्याला, ज्योतीच्या रंगाला सरावलेला. फ्लॅश भट्टीला ओल चालत नाही. भुकटी हाडासारखी कोरडी हवी, तिचा प्रवाह एकसारखा हवा, हवेचं प्रमाण नेमकं हवं. जरा कमी-जास्त झालं की मॅटची प्रत ढळते. भट्टीशी बोलणारी जुनी नजर अपुरी पडली आणि मोजणारी काटा-तबकडी महत्त्वाची झाली. शिवाय फ्लॅश भट्टीची मळी तांबं जास्त धरून ठेवते. रिव्हर्बची मळी निर्धास्त फेकता येई. फ्लॅशच्या मळीतलं तांबं परत काढायला वेगळी सोय लागते. तांबं वाचवायचं तर मळी धुवा, हवा वाचवायची तर ॲसिडचा कारखाना उभारा. एक भट्टी बदलली की तिच्यामागं अशी वरात येते. पैसेवाल्यांना सुरुवातीला वरातीचा खर्च दिसत नाही.

ॲसिड मात्र नुसतं खर्चाचं कलम राहिलं नाही. खेत्रीचा कारखाना १९७०च्या दशकाच्या मध्याला सुरू झाला, वर्षाला ३१,००० टन तांब्याच्या क्षमतेचा आणि पहिल्यापासूनच फ्लॅश भट्टीचा. त्याला जोडून खताचा कारखाना काढला गेला, कारण फॉस्फेटचा दगड ॲसिडमध्ये विरघळवला की सुपर फॉस्फेट होतं. खानदेशातला शेतकरी कापसाच्या सरीत हे पोतं रिकामं करतो तेव्हा तांब्याच्या धंद्याचा धूर त्याच्या शेतात येतोच. फरक एवढाच, की पकडलेला धूर खत होऊन येतो.

आता रत्नागिरी. १९९२ मध्ये महाराष्ट्र सरकारनं स्टरलाइट कंपनीला रत्नागिरीजवळ सुमारे ५०० एकर जमीन दिली. वर्षाला ६०,००० टन तांब्याचा कारखाना तिथं व्हायचा होता. आयात केलेल्या खनिजावर चालणाऱ्या कारखान्याला बंदर हवं असतं, म्हणून किनारा. काम सुरू झालं आणि वर्षभरात लोक रस्त्यावर आले. बागायतदार होते, मच्छीमार होते. त्यांना भीती हापूसच्या मोहराची आणि माशांची. 'लोकांचं अज्ञान' असं या भीतीचं वर्णन तेव्हा सर्रास केलं गेलं. पण उत्तर भारतात विटांच्या भट्ट्यांजवळच्या आंब्यांची टोकं काळी पडतात, आणि त्याला भट्टीच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड जबाबदार आहे, हे शेतीशास्त्रज्ञांनी त्याच्या कितीतरी आधी लिहून ठेवलं होतं. मग कोकणातल्या बागायतदारानं घाबरू नये तर काय करावं? जुलै १९९३ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांनी कंपनीला बांधकाम थांबवायला सांगितलं. कारखाना रत्नागिरीतून गेला.

तो गेला तमिळनाडूत, तुतिकोरिनला. १९९४ मध्ये मुख्यमंत्री जयललिता यांनी पायाभरणी केली आणि १९९६ मध्ये भट्टी पेटली. ही भट्टी फिनिश नव्हे, ऑस्ट्रेलियन. मेलबर्नच्या शासकीय संशोधन संस्थेत जॉन फ्लॉइड यांनी सत्तरच्या दशकात एक लोखंडी नळी घडवली. ती वितळलेल्या मालात वरून बुडवायची आणि तिच्यातून हवा व प्राणवायू सोडायचा. नळी जळून का जात नाही? तिच्यातून जोरानं जाणारी हवा तिला थंड ठेवते आणि उडालेली मळी तिच्या अंगावर गोठून कवच होते. माउंट आयसा या खाणकंपनीनं ही युक्ती आपल्या रिव्हर्ब भट्ट्यांच्या जागी आणली. १९८७ मध्ये तांब्यासाठी चाचणी, १९९२ मध्ये पूर्ण आकाराची भट्टी. म्हणजे रत्नागिरीत जमीन मोजली जात होती त्याच वर्षी. उभ्या डेऱ्यासारखी ही भट्टी जागा कमी घेते आणि तिची भूक वाढवता येते.

ती वाढवलीही गेली. तुतिकोरिनची भट्टी ६०,००० टनांसाठी आखली होती. हवेतला प्राणवायू वाढवत, आजूबाजूची यंत्रं सुधारत तीच भट्टी १,८०,००० टनांपर्यंत नेली. मे २००५ मध्ये दुसरी, मोठी भट्टी आली आणि क्षमता ३,००,००० टनांवर गेली. अभियंत्यांच्या दृष्टीनं ही कौतुकाचीच गोष्ट. पण मूळ परवानगी मागताना ज्या वस्तीला, ज्या विहिरींना ६०,००० टनांचा आकडा सांगितला गेला, ती वस्ती आणि त्या विहिरी होत्या तिथंच होत्या. आणखी एक गोष्ट फार थोडे लोक बोलतात. नव्या भट्टीशेजारी कन्व्हर्टर मात्र पिअर्स-स्मिथ पद्धतीचेच होते, म्हणजे १९०९ च्या घडणीचे. मॅट ओतायला कन्व्हर्टर आडवा कलंडतो आणि त्या वेळी धूर टोपीबाहेर निसटतो. भट्टी कितीही नवी असो, निसटता धूर या जुन्या तोंडातून येतो. ही अडचण जगभरच्या बहुतेक तांबे कारखान्यांची आहे, एकट्या तुतिकोरिनची नाही.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. एप्रिल २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कंपनीला १०० कोटी रुपये भरपाई भरायला लावली. विस्ताराविरुद्धच्या आंदोलनात २२ आणि २३ मे २०१८ रोजी पोलिसांच्या गोळीबारात १३ माणसं मेली, आठवडाभरात कारखाना बंद झाला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो उघडायला नकार दिला. रत्नागिरीकर 'आम्ही सांगत होतो' म्हणू शकतात. पण तेवढंच म्हणून थांबणं सोपं आहे. तुतिकोरिन बंद पडल्यावर २०१८-१९ मध्ये भारत अठरा वर्षांनी पुन्हा तांब्याचा निव्वळ आयातदार झाला. आपण तांबं वापरायचं थांबवलं नाही, धूर दुसऱ्या देशात नेऊन ठेवला.

मऊभंडारचं काय झालं? १९९१ नंतर आयातशुल्क उतरत गेलं तशी लहान, आतल्या भागातली, जुनी भट्टी महाग पडू लागली. १९९८ मध्ये भरूच जिल्ह्यात दहेजला बिर्ला कॉपरचा कारखाना आला. एक लाख टनांच्या फ्लॅश भट्टीनं सुरुवात, मग ऑस्ट्रेलियन नळीची भट्टी, मग जपानी मित्सुबिशी पद्धत, मिळून पाच लाख टन. तापीच्या रेल्वेनं सुरतेला उतरणाऱ्या दोंडाईचेकरासाठी तांबं वितळवण्याची ही सर्वांत जवळची मोठी जागा. परदेशी खनिज जहाजानं यायचं, थेट धक्क्यावर उतरायचं. त्याच्यापुढं खेत्रीचा टिकाव कसा लागणार? खेत्रीची भट्टी २००८ मध्ये थंडावली. घाटशिलाची त्यानंतर दहाएक वर्षं धडपडत चालली आणि तीही थांबली. गोंदियापलीकडच्या बालाघाट जिल्ह्यातली मलाजखंडची खाण, १९८२ पासूनची, अजून चालू आहे. तिची भुकटी एकेकाळी थेट राजस्थानात खेत्रीला जात असे. आता हिंदुस्थान कॉपर मुख्यतः ती भुकटीच विकते.

मार्च २०२४ मध्ये अदानींचा कारखाना मुंद्र्याला सुरू झाला, पहिल्या टप्प्यात पाच लाख टनांचा. चीननं याआधीच इतक्या भट्ट्या बांधल्या आहेत की खनिजच पुरेना. खाणवाला भट्टीवाल्याला वितळवण्याची मजुरी देतो. टन खनिजामागं वर्षाचा ठरलेला दर २०२४ मध्ये ८० डॉलर होता, तो २०२५ साठी २१ डॉलरवर आला, आणि खुल्या बाजारात तर शून्याखाली गेला. म्हणजे माल वितळवून द्यायचा आणि वर पैसेही मोजायचे. तरी बऱ्याच भट्ट्या पेटत्या राहिल्या, कारण सोनं, चांदी आणि सल्फ्युरिक ॲसिड यांच्या विक्रीवर त्यांचं भागत होतं. ज्या गंधकापायी आशिओचे डोंगर बोडके झाले आणि रत्नागिरीतला कारखाना परतला, त्याची विक्री आता भट्टीवाल्याच्या वहीत जमेच्या बाजूला, मजुरीच्या वर लिहिलेली असते.